कोरेगाव रोडच्या पोल्ट्रीतलं विमान

सातारकर असून मला हे इतकी वर्षं माहिती नव्हतं याची आधी लाज वाटून घेतो आणि मग सुरू करतो.

जुलैमधला रविवार. पुण्याहून घरी आलेलो, पाऊस असा की धड पडतही नाही आणि थांबतही नाही, आणि भाचा सकाळपासून डोकं खातोय की मामा कासला जाऊया. आता रविवारी कास रोडला काय गर्दी असते ते मी सांगायला नको, आणि फुलं तर अजून दीड-दोन महिने लांब. तेवढ्यात बाबा पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, अरे माहुलीच्या पुढं एअरफोर्समधनं रिटायर झालेल्या लोकांनी पोल्ट्रीत विमान ठेवलंय म्हणे, ते दाखव की त्याला. पोल्ट्रीत विमान म्हणल्यावर कास कुठल्या कुठं गेलं.

मॅपवर काही नव्हतं. संगम माहुली ओलांडली, कोरेगाव रोडला थोडं पुढं जाऊन एका टपरीवर विचारलं तर तो म्हणाला, "इमानवालं व्हय? त्या उसाच्या कडंनं आत जावा, निळा पत्रा दिसंल." गाडी चिखलात लावली, बूट भरले, आणि निळ्या पत्र्याच्या शेडच्या दारात एक पासष्टीचे काका उभे, खाकी डांगरी घातलेली, हातात पाना. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच म्हणाले, "खिसे रिकामे करा."

मला वाटलं तिकिटाचे पैसे मागतायत. तर तसं नाही, नाणी, किल्ल्या, पेन सगळं काढून दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवायचं. चालू जेट इंजिनच्या तोंडाजवळ साधा स्क्रू जरी पडला तरी ते ओढून घेतं आणि आतली पाती खलास होतात, म्हणून ही सवय. इथलं इंजिन आता काय चालू होणार नाहीये, पण काकांची वीस वर्षांची सवय चालू आहे ना. भिंतीवर हत्यारांचा बोर्ड होता, प्रत्येक पान्याच्या मागं त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलेली, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी लांबनं कळतं. पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही, असं काका म्हणाले. (माझ्या घरी स्क्रूड्रायव्हर शोधायला गेलो तर दिवाळी उजाडते.)

मी दिल्लीला पालमचं एअरफोर्सचं म्युझियम बघितलंय, गोव्यात बोगमाळोचं नेव्हीचं पण बघितलंय, दोन्ही भारीच आहेत, पण तिथं आपण विमानाकडं बघायचं आणि फोटो काढून पुढं जायचं. इथं सगळ्याला हात लावायचा. लावला नाही तर काकाच आपला हात धरून लावतात. असे एकूण तीन काका, एक इंजिन फिटर, एक एअरफ्रेमवाले (म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पंख बघणारे) आणि एक इन्स्ट्रुमेंटवाले, आणि तिघं एकदम बोलतात ही या म्युझियमची एकमेव तक्रार. बरं दोन तक्रारी. पाऊस असला की कोंबड्यांचा जुना वास वर येतो.

सातारा जिल्ह्याला फौजी काही नवीन नाहीत. मिलिटरी अपशिंगे आपल्याकडंच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 ला साताऱ्यातच निघाली. पण इंजिनवाले काका म्हणाले ते डोक्यात राहिलं. "फौजी म्हणलं की लोकास्नी बंदूक दिसती, एअरफोर्स म्हणलं की पायलट दिसतो. आमच्या हातात जन्मभर पाना. मी फायटरमधी एकदा पण बसून उडालो न्हाई बघा."

हे इंजिनवाले काका ज्याच्यावर जीव टाकतात ते इंजिन ट्रॉलीवर आडवं ठेवलंय. ऑर्फियस. मूळ ब्रिटिश, नंतर एचएएल म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स बंगळूरला बनवायला लागली. लिलावात भंगार म्हणून निघालेलं, कुणाच्या तरी कुणाच्या ओळखीनं इथपर्यंत आलं. हेच इंजिन नॅट या छोट्या लढाऊ विमानात एक असायचं आणि मारुतमध्ये शेजारी शेजारी दोन. मारुत म्हणजे आपल्याकडंच डिझाइन होऊन बनलेलं पहिलं लढाऊ जेट, डिझाइन कुर्ट टँक नावाच्या जर्मन माणसाचं, 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं. विमान देखणं होतं, पण त्याला हवं तेवढं ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालंच नाही, दोन ऑर्फियसवरच भागवावं लागलं, आणि हे सांगताना काकांचा चेहरा असा झाला की जणू पोरीला मनासारखं स्थळ मिळालं नाही.

नॅट म्हणल्यावर भाच्याला शाळेतलं आठवलं, निर्मलजित सिंग सेखों. 14 डिसेंबर 1971, श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना नॅट घेऊन उडाले, एअरफोर्समधलं एकमेव परमवीर चक्र. काका म्हणाले, शाब्बास, आणि मग जरा थांबून, "पण ते नॅट सकाळी तयार करून कुणी उभं केलं आसंल? कुणीतरी तेल बघितलं, हवा बघितली, आन् सातशे नंबरच्या फॉर्मवर सही केली." फॉर्म 700 म्हणजे विमानाची वही. काय बिघडलं, काय बदललं, कुणी तपासलं सगळं त्यात, आणि पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. तोपर्यंत ते विमान काकांचं.

मग भाच्याला कामाला लावलं. लाकडाच्या फळीवर दोन बोल्ट, डोक्यांना भोकं पाडलेली, त्यातनं बारीक तार घालून पिळायची आणि दुसऱ्या बोल्टला बांधायची. लॉकवायर म्हणतात. विमानात एवढी थरथर असते की नुसता आवळलेला बोल्ट हळूहळू सुटत जातो, म्हणून एकाला दुसऱ्याशी बांधून ठेवायचं. पोरानं अगदी जीभ बाहेर काढून, मन लावून छान एकसारखा पीळ दिला. काकांनी चष्मा वर केला, बघितलं आणि पकडीनं कट्कन तोडून टाकला. उलटा बांधला होता. तारेनं बोल्टला आवळायच्या दिशेला ओढलं पाहिजे, यानं बांधलेला पीळ बोल्ट सैल करायलाच मदत करणार. दुसरापण तोडला. तिसऱ्याला नुसती मान हलवली, बस्स, आणि कार्ट्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यावर पण आलं नव्हतं.

शेडच्या दुसऱ्या टोकाला बाबा म्हणत होते ते विमान. पुष्पक. दोन सीटचं, वरती पंख असलेलं, 90 हॉर्सपॉवरचं, एचएएलनं फ्लाइंग क्लबसाठी बनवलेलं, पहिलं उडालं 1958 ला. सध्या नुसता पाइपांचा सांगाडा आणि एक पंख आहे, दुसरा पंख कुठाय विचारलं तर तिघं तीन दिशांना बघायला लागले. हे विमान कापडाचं असतं हे मला माहितीच नव्हतं! पंखाच्या फासळ्यांवर सुती कापड ताणायचं, ते फासळ्यांना दोऱ्यानं शिवायचं आणि वर डोप नावाचा रंगासारखा पदार्थ हातावर हात मारायचा. वास नेलपॉलिशचा. वाळताना कापड आक्रसून असं ताणतं की टिचकी मारली तर हलगी वाजते. आणि शिवतंय कोण, तर गावातले शिंपीआजोबा, ज्यांनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. हातभर लांब सुई, ते या बाजूनं खुपसणार, एअरफ्रेमवाले काका पलीकडनं ओढून परत पाठवणार, ठरलेल्या अंतरावर गाठ. दोघं बोलत नाहीत, नुसती सुई ये-जा. पत्र्यातनं एका बादलीत पाणी गळत होतं, टप् टप्. मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो.

आता इन्स्ट्रुमेंटवाले काका. त्यांची अख्खी मांडणी घड्याळांची, काही ब्रिटिश, काही रशियन, त्यावर मीटर आणि उलटीसुलटी अक्षरं. माहितीच्या चिठ्ठ्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या, अक्षर बघवत नाही. त्यांनी भाच्याच्या हातात एक अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, दिला. तीन काटे, शेकड्याचा, हजाराचा आणि दहा हजाराचा. आत पातळ पत्र्याची सीलबंद डबी, वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते, काटा सरकतो. वीज नाही, बॅटरी नाही, काही नाही. काटा दोन हजार फुटांच्या जरा पुढं. भाच्यानं तो डोक्यावर धरला, खाली बसला, टेबलावर चढला. काटा ढिम्म.

"मामा, बंद पडलाय."

काका म्हणाले, गाडीत किती जागा आहे?

आणि खरंच, भर पावसात आम्ही तिघं अजिंक्यताऱ्याला निघालो. अल्टिमीटर भाच्याच्या मांडीवर टॉवेलात. गोडोलीपर्यंत थोडा हलला, गडाच्या रस्त्याला लागल्यावर मात्र प्रत्येक वळणाला वर, आणि पोरगं लिफ्टमधल्यासारखं आकडे ओरडतंय, सत्तावीसशे, अठ्ठावीसशे, मधेच अडकला की काका मागनं हात घालून काचेवर टिचकी मारायचे आणि काटा टुण्णकन पुढं. जुन्या यंत्रात घर्षणानं काटा अडकतो, टिचकी मारूनच वाचायचं असतं म्हणे.

वर ढग असे की सज्जनगड नाही, यवतेश्वर नाही, समोरचा माणूस दिसेना. दरवाजापाशी शेवटची टिचकी. 3380. गड 3300 फुटांचा आहे हे आम्हाला शाळेपासून पाठ, म्हणलं काका चुकतंय की. ते खूश झाले, याचीच वाट बघत असावेत. अल्टिमीटरवरच्या छोट्या खिडकीत 1013 मिलिबार लावलेलं असतं, तो समुद्रसपाटीचा ठरवून दिलेला दाब, पावसाळ्यात खरा दाब त्याच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळं यंत्राला वाटतं आपण आहे त्याच्यापेक्षा उंच आहोत. म्हणून पायलट उतरायच्या आधी टॉवरला दाब विचारून ते आकडे फिरवून घेतो.

मग त्यांनी डांगरीतनं एक शाळेची वही काढली, तारीख, वेळ, जागा, रीडिंग लिहिलं आणि भाच्याला म्हणाले, कर सही. त्यानं त्यांच्याच हातातली पेन्सिल घेतली तर म्हणाले, माझं लिहिणं चालतंय पेन्सिलनं, सही पेननं. पेन कुठाय? आमची सगळ्यांची पेनं खाली पोल्ट्रीतल्या ट्रेमध्ये. शेवटी मी भिजत जाऊन कणीसवाल्याकडनं मागून आणलं, त्यानं तीन कणसं घ्यायला लावली.