इंडेक्स होता, पण जॉइन त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता

खराडीच्या आमच्या ऑफिसातून रोज सकाळी दहाच्या आत शाखांना थकबाकीची यादी जावी लागते. यादी हातात आल्याशिवाय वसुलीची मुलं बाहेर पडू शकत नाहीत. ती बनवणारा सॅसचा (डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरचा) जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी चालणारा प्रोग्रॅम, महिनाभर रखडत होता, आणि एका सोमवारी दहा वाजून गेले तरी चालूच. काम माझ्याकडे आलं.

जॉब तसा साधा. बाराशेएक खात्यांचं छोटं टेबल सॅसमध्ये, व्यवहारांचं चार कोटी ओळींचं टेबल ऑरॅकल डेटाबेसमध्ये, आणि प्रॉक एसक्यूएलमध्ये (सॅसमधून एसक्यूएल चालवायची सोय) खाते क्रमांकावर जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलांची जुळणी. हव्या त्या ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसमध्ये इंडेक्स असतो, पुस्तकामागच्या सूचीसारखा. मी थेट डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मॅडमना विचारलं, "खाते क्रमांकावर इंडेक्स टाकून द्याल का?"

"अरे, इंडेक्स पहिल्यापासून आहे. तुझ्याकडून क्वेरी काय येते, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. सॅसट्रेस ऑप्शन चालू केला की ऑरॅकलकडे गेलेली क्वेरी, म्हणजे डेटाची मागणी, लॉगमध्ये उमटते. तिथे फक्त सिलेक्ट, कॉलमची नावं आणि टेबलाचं नाव होतं. कुठल्या ओळी हव्यात ती अट सांगणारं व्हेअर नाहीच! दोन टेबलं दोन ठिकाणी असल्यामुळे जॉइन ऑरॅकलमध्ये होत नव्हता; सॅस अख्खं मोठं टेबल ओढून आणून जुळणी स्वतःकडे करत होतं. बाराशे खात्यांसाठी रोज चार कोटी ओळींची वाहतूक. मला खरंच वाईट वाटलं, कारण हा जॉब मी वर्षभर सांभाळत होतो.

मोठ्या टेबलाला डीबीकी हा ऑप्शन लावला. त्याने सॅस छोट्या टेबलातली एकेक किंमत व्हेअरमध्ये घालून पाठवतं. जॉब चालवला, तर आधीपेक्षाही हळू. शेवटी मारावा लागला. पुन्हा लॉग उघडला. व्हेअरमध्ये खाते क्रमांकाच्या अटीला "किंवा दोन्हीकडे नल असेल तर" असं शेपूट जोडलेलं होतं. नल म्हणजे रिकामी किंमत. त्या कॉलमवर नॉट नल, म्हणजे रिकामं ठेवता येणार नाही, असं बंधन नव्हतं, म्हणून सॅस ती काळजी घेत होतं. मॅडमनी ऑरॅकल क्वेरी कशी चालवणार त्याचा प्लॅन दाखवला: टेबल ॲक्सेस फुल. म्हणजे प्रत्येक खात्यामागे चार कोटी ओळींचं पूर्ण वाचन.

आमच्या खाते क्रमांकात नल नसतोच. ते मोजून खात्री केली आणि ते शेपूट काढणारा ऑप्शन, डीबीनलकीज, नो केला. प्लॅनमध्ये इंडेक्स रेंज स्कॅन आला, म्हणजे आता इंडेक्स वापरला जात होता. जॉब तीन मिनिटांत संपला. मी मॅडमच्या टेबलापाशी जवळजवळ पळतच गेलो.

महिनाअखेरीची यादी मात्र दोन लाख खात्यांची असते. तिथे डीबीकी म्हणजे दोन लाख फेऱ्या. त्यासाठी छोटं टेबलच ऑरॅकलमध्ये चढवलं आणि जॉइन तिकडे केला. तिथे ऑप्टिमायझरने (प्लॅन ठरवणाऱ्या ऑरॅकलच्या भागाने) इंडेक्स बाजूला ठेवून हॅश जॉइन, म्हणजे मोठं टेबल एकदाच वाचून जुळणी करायची पद्धत, निवडला, आणि एवढ्या खात्यांसाठी ते योग्यच होतं.