फॉलोअर वाढले, मग विक्री का वाढत नाही?

"रोज पोस्ट टाकते, रील्स करते, फॉलोअरही वाढलेत. मग विक्री का वाढत नाही?" स्वतःचा छोटा व्यवसाय असलेली माणसं मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात. विचारणारा कधी फर्निचर बनवणारा असतो, कधी कपडे शिवणारी, कधी घरून शिकवण्या घेणारी. प्रश्न मात्र तोच. लहान व्यावसायिकांची सोशल मीडियाची कामं मी बरीच वर्षं सांभाळते आहे, त्यामुळे माझ्याकडे एखादी युक्ती असेल असं त्यांना वाटतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं पहिलं म्हणणं असतं: पेज नंतर बघू, आधी तुमचा इनबॉक्स दाखवा.

इनबॉक्स उघडला की बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. कुणीतरी "किंमत काय?" विचारलेलं असतं. उत्तर गेलेलं असतं दुसऱ्या दिवशी, तेही नुसता आकडा. पुढे शांतता. अनोळखी लोकांचे मेसेज 'रिक्वेस्ट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडलेले असतात, ते तर उघडलेलेही नसतात. ज्या माणसाने आपण होऊन विचारलं, म्हणजे ज्याला खरंच काही घ्यायचं होतं, तो तिथे ताटकळतोय. आणि इकडे सगळी मेहनत चाललीय ती उद्याच्या रीलला कुठलं गाणं लावायचं यावर.

माझ्या ओळखीच्या एक बाई कापडी लॅपटॉप बॅगा शिवतात. शिलाई अशी की उलटून बघितली तरी सुबक दिसावी. पेजवर फोटोही देखणे, त्याखाली छानशा ओळी, लाईक्स भरपूर. आम्ही दोघी बसलो, जुने सगळे मेसेज वरपासून खालपर्यंत वाचले आणि त्यातले प्रश्न वहीत उतरवले. पंधरा इंची लॅपटॉप बसतो का? चार्जरला वेगळा कप्पा आहे का? पावसात आतलं भिजेल का? पट्टा खांद्याला रुततो का? चेन बिघडली तर बदलून द्याल का? फिरून फिरून हेच. पेजवरच्या एकाही पोस्टमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यांचा पुढचा व्हिडिओ अगदी साधा होता. टेबलावर बॅग, शेजारी मोजपट्टी, आणि फक्त त्यांचे हात. लॅपटॉप आत सरकवला, चेन लावली, कोपऱ्यात किती जागा उरते ते बोटाने दाखवलं. मग आत एक कोरा कागद ठेवून बॅगेवर भांडंभर पाणी ओतलं, चेन उघडली आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. एक कड ओली झाली होती. "चेनच्या बाजूने थोडं पाणी आत जातं, मोठा पाऊस असेल तर वरून कव्हर घाला," असं त्या बोलून गेल्या. एवढा भाग कापू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काहीही कापा, हा नको. कड ओली झालेली लोकांना दाखवलीत, म्हणून 'चार्जरचा कप्पा ऐसपैस आहे' हे तुमचं सांगणंही त्यांना खरं वाटेल.

लाईक्स आधीच्या फोटोंपेक्षा कमी आले. पण मेसेजची भाषा बदलली. नुसत्या "किंमत काय?"च्या जागी "निळ्यात आहे का? किती दिवसांत मिळेल?" असं लोक विचारू लागले. असं विचारणाऱ्याचं घ्यायचं जवळजवळ ठरलेलं असतं.

आज काय पोस्ट करू, या प्रश्नाने माणसं हैराण होतात. सुविचार टाकतात, सणांच्या शुभेच्छा टाकतात, जे सगळीकडे चाललंय त्याची नक्कल करतात. मग नव्याचे नऊ दिवस संपतात आणि पेज ओस पडतं. ज्यांनी प्रश्नांची वही ठेवली, त्यांची ही विवंचना मी मिटलेली पाहिली आहे. एक प्रश्न, त्याचं एक प्रामाणिक उत्तर, हातात वस्तू किंवा काम धरून दाखवलेलं. सेवा देणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फिजिओथेरपिस्टला रोज कुणीतरी विचारतं की पहिल्या भेटीत नेमकं काय करता, दुखेल का, किती वेळा यावं लागेल. या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांचे व्हिडिओ पेजवर असले तर धाकधूक असलेला माणूस फोन उचलतो.

यामागचं यंत्र कसं चालतं तेही थोडं समजून घ्या, कारण 'अल्गोरिदम आमच्यावर रुसलाय' असं मी वरचेवर ऐकते. फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस आणली ती नोव्हेंबर २००७ मध्ये. पुढे पोस्टची गर्दी इतकी झाली की कुणाला काय दाखवायचं हे गणिताने ठरवणं आलं. हे गणित म्हणजेच अल्गोरिदम. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी उघडच सांगितलं की फेसबुकवर यापुढे मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, व्यवसायांच्या आणि माध्यमांच्या पोस्ट कमी दिसतील. म्हणजे तुमचे फॉलोअर कितीही असोत, तुमची पोस्ट त्या सगळ्यांना दिसते ही समजूत सोडून द्यायला हवी.

मग दिसते कुणाला? इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन मोठी कारणं सांगितली: लोक किती वेळ बघतात, किती जण लाईक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. आधीपासून जोडलेल्या लोकांपर्यंत पोहोचताना लाईकचं वजन थोडं जास्त, आणि नव्या लोकांपर्यंत जाताना पाठवण्याचं. तुम्हीच आठवून बघा, तुम्ही शेवटचं काय कुणाला पाठवलंत? बहुधा "हे बघ, तू विचारत होतीस ना" असं म्हणून पाठवलेलं काहीतरी. पाणी ओतलेल्या बॅगेचा व्हिडिओ मैत्रिणीला पाठवला जातो. शुभेच्छांचं कार्ड कोण कुणाला पाठवणार? त्यामुळे गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर देणं आणि अल्गोरिदमच्या मर्जीत राहणं ही मला दोन वेगळी कामं वाटतच नाहीत.

फॉलोअर विकत घ्यावेत का, असंही दबक्या आवाजात विचारतात. घेऊ नका. ती माणसं तुमचं काही बघणार नाहीत, पाठवणार नाहीत, विकत घेणार नाहीत. शिवाय ती टिकतही नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने बनावट खाती साफ केली, तेव्हा मोठमोठ्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका झटक्यात गेले.

जाहिरातीचं म्हणाल तर तिथे 'पी हळद नि हो गोरी' अशी घाई असते. बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण दाबायला सोपं, म्हणून जी पोस्ट समोर दिसेल तिच्यावर पैसे लावले जातात. दोन गोष्टी सांभाळल्या तर पैसे वाया जात नाहीत. एक, जाहिरातीचा उद्देश नीट निवडा. ही यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. लाईक्स मागितलेत तर लाईक करत सुटणारी माणसं शोधेल, मेसेज मागितलेत तर मेसेज करणारी. दुसरी गोष्ट, पैसे न लावता ज्या पोस्टने चौकशा आणल्या, तिच्यावरच पैसे लावा. जी पोस्ट फुकटात चालली नाही, ती पैशाने ओढून नेता येते, पण गिऱ्हाईक आणत नाही.

आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तोंडाने विचारा: "आमच्याबद्दल कुठून कळलं?" वाटतो तितका हा प्रश्न जुनाट नाही. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर नियम आणला की दुसऱ्या अ‍ॅप्समध्ये आणि वेबसाइटवर वापरणाऱ्याचा माग काढायचा तर आधी त्याची परवानगी घ्या. फार लोकांनी नकार दिला. या बदलाचा २०२२ मधला फटका सुमारे १० अब्ज डॉलरचा असेल, असं फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी असलेल्या मेटाने खुद्द सांगितलं होतं. जाहिरात बघून कुणी खरेदी केली हे त्या कंपन्यांनाच पूर्वीसारखं नीट कळेनासं झालं, तर त्यांच्या अ‍ॅपमधले आकडे तुम्हाला सगळं कसं सांगणार? तुमच्या वहीतली 'कुठून कळलं' ही एक ओळ जास्त भरवशाची.

आता ज्या गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते ती सांगते. सोशल मीडियावरचं पेज ही भाड्याची जागा आहे. तुम्ही ती कितीही सजवा, मालक वेगळा आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. वाईनवर छोटे व्हिडिओ करून कितीतरी जण नावारूपाला आले होते, ते जानेवारी २०१७ मध्ये गुंडाळलं गेलं. सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सुमारे सहा तास एकदम ठप्प झाली होती. ज्यांच्या सगळ्या ऑर्डरी तिथूनच यायच्या, त्यांचं दुकान तेवढा वेळ बंदच होतं म्हणायचं. कंपनी चालू राहूनही तुमचं एकट्याचं खातं जाऊ शकतं. कुणी पासवर्ड चोरून ते बळकावतं, कधी चुकीच्या तक्रारीवरून ते थांबवलं जातं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं त्यात अडकून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. गिऱ्हाइकांना फोन करावा तर नंबर कुणाकडेच नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्री मागणारी सोय, आजच लावा, हे तर झालंच. पण त्याहून मोठं काम म्हणजे गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे ठेवणं: नाव, फोन किंवा ईमेल, काय घेतलं, कधी घेतलं. हे सगळं त्यांना विचारून, 'नवीन माल आला की कळवू का?' अशी परवानगी घेऊन.

याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायासाठीचं वेगळं अ‍ॅप २०१८ च्या जानेवारीत आलं. त्यात वारंवार लागणारी उत्तरं साठवून ठेवता येतात आणि 'नवी चौकशी', 'पैसे बाकी' अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला मेसेज मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोहोचतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मग "शंभर जणांना पाठवलं, कुणी बघितलंसुद्धा नाही" म्हणून खट्टू होतात. वस्तू देतानाच "नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणावं. आणि यादी आहे म्हणून रोज मेसेज पाठवू नये. ज्याने विश्वासाने नंबर दिला, तो एकदा ब्लॉक करून गेला की परत येत नाही.

तक्रारीबद्दल लोक फार घाबरतात. कमेंटमध्ये कुणी "शिलाई आठवड्यात उसवली" असं लिहिलं की पहिला हात डिलीटवर जातो. तसं करू नका. ती कमेंट तक्रार करणाऱ्यापेक्षा बाकीचे शंभर जण जास्त लक्ष देऊन वाचत असतात, आणि ते तुमच्या उत्तराची वाट बघत असतात. तिथेच, सगळ्यांसमोर लिहा: "वाचून वाईट वाटलं. फोटो मेसेजमध्ये पाठवाल का? आजच बघते." पुढचं बोलणं मेसेजमध्ये करा, आणि काम झालं की पुन्हा त्याच कमेंटखाली "नवीन बॅग पाठवली आहे, मिळाली की कळवा" असं लिहा. उगीच वाद घालणाऱ्याला एकदा सभ्यपणे उत्तर देऊन सोडून द्यावं. शिवीगाळ असेल तर मात्र खुशाल काढून टाकावी.

कुठल्या नेटवर्कवर असावं? जिथे तुमचं गिऱ्हाईक आधीपासून आहे तिथे. दुसऱ्या कंपन्यांना माल किंवा सेवा देत असाल तर लिंक्डइन, करून दाखवण्यासारखं लांबलचक काम असेल तर यूट्यूब. एकच नीट सांभाळा. किती वाजता पोस्ट करावी, किती हॅशटॅग लावावेत, यावर मी फार वेळ घालवत नाही.

"किती दिवसांत फरक पडेल?" हे तुमच्या मालावर आहे. बॅग माणूस लगेच घेतो. सोफा घेणारा तुमचे व्हिडिओ महिनोन्‌महिने बघत राहील, एकही लाईक करणार नाही, आणि घराचा ताबा मिळाला की मग थेट फोन करेल. त्यामुळे पहिल्या महिन्यात विक्रीचा आकडा बघून निराश होऊ नका. चौकशा नेमक्या होत चालल्यात का ते बघा. 'किंमत काय'च्या पुढचे प्रश्न येत असतील तर गाडी बरोबर चाललीय.

आणि वेळ नाही, एकटीच सगळं बघते, असं म्हणाल तर तेही खरं आहे. लहान व्यवसायात बनवणारी, विकणारी, पाठवणारी एकच बाई असते. दिवसाला अर्धा तास मिळत असेल तर तो आधी मेसेजना द्या, रिक्वेस्टच्या कप्प्यासकट. मग कमेंट. मग वहीत नवे प्रश्न लिहा. त्यानंतर वेळ उरला तर पोस्ट करा, नाही उरला तर आजची पोस्ट उद्यावर गेली तरी चालेल.