रंग उतरला, विष उतरलं का?

कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, सांडपाणी मी सांभाळतो. दिवाळीत काम बंद, की टाकीतल्या, पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंची उपासमार. मग गूळ, युरिया, डीएपी घालून त्यांना जगवायचं. (गुळाच्या मुलखात एवढे लाड होणारच!)

नवीन पोरं पाण्याचा रंग उतरला की खूश. पण हवेविना जगणारे जिवाणू अ‍ॅझो रंगाचा (कापडाच्या रंगांचा एक प्रकार) रासायनिक बंध तोडतात, तेव्हा अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं उरतात. काही तर मूळ रंगापेक्षा विषारी. ती संपवायला हवा लागणारे जिवाणू हवेत, म्हणून पुढच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्रंदिवस. वीजबिल बघून मालक कुरकुरतात. मी मोजपात्रात त्या टाकीतला जिवाणूंचा गाळ भरून दाखवतो. निरोगी असला तर तपकिरी, ओल्या मातीचा वास, अर्ध्या तासात तळाशी बसलेला. काळा पडून कुजका वास सुटला, तर रात्री ब्लोअर कुणीतरी बंद केला होता, नक्की.