ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक असा असतो: ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पिकअप घेत नाही, वळणावर कुणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं, मग ट्रॅक्शन कंट्रोल (इंजिनची ताकद मिळणारं चाक घसरू न देणारी सिस्टिम) बंदच करून टाकू का?

रस्त्यावर असाल तर करू नका. पायाला जे जाणवतं, ती टायरची पकड सुटत असल्याची खबर आहे.

प्रत्येक चाकाला एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमसाठी) स्पीड सेन्सर असतोच. इंजिनची ताकद मिळणारं चाक इतरांपेक्षा जास्त वेगानं फिरू लागलं की कंप्युटर थ्रॉटल (इंजिनला हवा देणारी झडप) थोडा मिटतो आणि त्या चाकाला ब्रेकही लावतो. साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमुळे) घसरणारं चाक नुसतं फिरत राहतं आणि पकड असलेल्या चाकाला जोर मिळत नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की तो जोर दुसऱ्याकडे जातो. त्या वेळी बॉनेटखालून येणारी घरघर एबीएसच्या पंपाची असते. ती बिघाडाची खूण समजू नका.

स्टॅबिलिटी कंट्रोल यापुढे जातं. बॉश आणि मर्सिडीज-बेंझनं ते १९९५ मध्ये बाजारात आणलं. स्टिअरिंगचा सेन्सर तुम्हाला कुठे जायचंय ते सांगतो, तर गाडी स्वतःभोवती किती वळतेय ते दुसरा सेन्सर मोजतो. समजा, उजवं वळण आहे, रस्ता ओला आहे आणि नाक सरळच चाललंय. अशा वेळी मागच्या उजव्या चाकाला ब्रेक लागतो आणि नाक आत येतं. उलट मागचा भाग डावीकडे सुटला तर पुढच्या डाव्या चाकाला लागतो. हे इतकं झटपट होतं की तुम्हाला फक्त हलकीशी ओढ जाणवते आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो.

दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू सैल करा, जिकडे जायचंय तिकडेच बघा आणि स्टिअरिंगला हिसके देऊ नका. टायरमध्ये नसलेली पकड कुठलाही कंप्युटर आणू शकत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काय होणार?

बंद करायची खरी जागा म्हणजे चिखल, वाळू, खोल बर्फ. तिथे चाक थोडं घसरू द्यावं लागतं, आणि सिस्टिम नेमकी त्याच क्षणी ताकद काढून घेते. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं आणि काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही सैल पडते. मॅन्युअल वाचा, आणि बाहेर पडलात की लगेच चालू करा.

कोरड्या, सरळ रस्त्यावर सिस्टिम मध्ये पडत असेल तर आधी टायर बघा. एक टायर लहान मापाचा, जास्त झिजलेला किंवा हवा कमी असलेला असेल, तर ते चाक थोडं जास्त वेगानं फिरतं आणि कंप्युटरला ते घसरल्यासारखं वाटू शकतं. अलाइनमेंटनंतर (चाकांचे कोन जुळवून घेतल्यावर) हा त्रास सुरू झाला असेल, तर स्टिअरिंग सेन्सरचं कॅलिब्रेशन राहिलं असण्याची शक्यता मोठी. सेन्सरचं शून्य, म्हणजे स्टिअरिंग सरळ असल्याची खूण, चुकलं की गाडी सरळ चालली असतानाही तुम्ही वळताय असा कंप्युटरचा समज होतो. बटण न दाबताही एबीएसचा आणि ट्रॅक्शनचा दिवा एकदम लागून राहिला, तर चाकाजवळचा सेन्सर, त्याची वायर आणि ज्यावरून तो वेग मोजतो ती दातेरी रिंग तपासायला सांगा. रिंगेवर गंज किंवा तडा असेल तर नुसता सेन्सर बदलून दिवा जाणार नाही.