तोळाभरही सोनं नाही, मग एवढे पैसे कशाला?

अटलांटात कुणाकडेही जेवायला जा, माझ्या जुन्या सोन्याच्या नाण्याबद्दल हा प्रश्न पानावर बसायच्या आधी येतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

हो, नाणं ८.३६ ग्रॅमचंच आहे. नव्वद टक्के सोनं, बाकी तांबं. सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मोजले, तेही खरं. मोजले ते मागच्या बाजूला गरुडाखाली असलेल्या बारीक 'डी'साठी. ती डलॉनिगाच्या टांकसाळीची खूण. आमच्यापासून तासा-दीड तासावरचं हे डोंगरातलं गाव. तिथे १८३८ ते १८६१ एवढीच वर्षं नाणी पडली, आणि फक्त सोन्याची. माझं १८५३चं, पाच डॉलरचं.

आता जे कुणाला सांगत नाही ते. आई पहिल्यांदा इकडे आली त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायला मीच ते काढून दिलं. सकाळी उठून बघते तर आईने बांगड्यांबरोबर तेही रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासलेलं. लखलखत होतं. "बघ, किती मळ निघाला," म्हणाली. तो मळ म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांत चढलेली लालसर झाक होती. भिंगाखाली नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर बारीक ओरखडेच ओरखडे. मी आईला काय काय बोलले ते लिहवत नाही. तिने काही उत्तर दिलं नाही. नाणं पुसून माझ्या हातात दिलं आणि तबकात सुपारी ठेवली.

नाण्यांची प्रतवारी करणाऱ्यांकडे पाठवलं. ते नाण्याच्या स्थितीला सत्तरपैकी आकडा देतात. माझ्या नाण्याला आकडाच मिळाला नाही, 'घासलेलं' एवढा शेरा आला. किंमत निम्म्यावर.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, ही गुंतवणूक आहे. गुंतवणूक असती तर तोटा मांडून मोकळी झाले असते. मग म्हणू लागले, मला हात न लागलेला इतिहास हवा. तेही धड खरं नाही. टांकसाळ सुरू झाली त्याच वर्षी सैन्याने तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांना त्या मुलखातून हाकललं. सोनं त्यांच्या जमिनीतलं. त्याला हात न लागलेलं कसं म्हणू?

तरी मी अशी नाणी अजून घेते, आणि 'डी'साठी जास्त पैसे मोजते. चूक वाटत नाही.

ते पहिलं मात्र विकलं नाही. आई फोनवर अधूनमधून विचारते, "काळं पडायला लागलं का गं परत?" मी उठून भिंग आणते. नाही अजून.