आईच्या फाइलवरचा ३

थोरल्या काकांचा डावा पाय सुजला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एसटीला दोष दिला. जतहून मिरजेला केमोसाठी जायचं म्हणजे अडीच-तीन तास पाय खाली सोडून बसायचं, सूज येणारच, असं मीही म्हणाले होते. काकूनं मिठाच्या गरम पाण्यानं पाय शेकला. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. कॅन्सर जठराचा होता, पण जीव घेतला तो पायात झालेल्या आणि तिथून फुफ्फुसात गेलेल्या रक्ताच्या गुठळीनं. हे २०१९ सालचं.

२०२३ च्या जूनमध्ये आईला ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा, कॅन्सर निघाला. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो असं ठरलं. घरात सगळे केस गळण्याचं आणि उलट्यांचं बोलत होते, माझ्या डोक्यात मात्र काकांचा पाय होता. वहीत पहिला प्रश्न लिहिला: आईला गुठळीचा धोका किती? पहिल्या भेटीत ज्या डॉक्टरांना विचारलं त्यांनी, “झालं तर बघू, आत्तापासून कशाला घाबरता?” असं म्हणून पुढचा पेशंट आत बोलावला. झालं तर बघण्याएवढाही वेळ काकांना मिळाला नव्हता. पण हे तिथं बोलायला मला जमलं नाही, आणि त्याचा त्रास रात्रभर झाला.

पहिल्या केमोच्या दोन दिवस आधी तोच प्रश्न केमोच्या मॅडमना विचारला. त्यांनी फाइल ओढून घेतली, तीन दिवसांपूर्वीचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजलेला रिपोर्ट, काढला आणि म्हणाल्या, “बसा, दोन मिनिटांत सांगते.” खरोखर दोनच मिनिटं लागली. नवी तपासणी नाही, नवा खर्च नाही. जे आकडे आमच्याच पिशवीत होते तेच त्यांनी वेगळ्या नजरेनं वाचले.

या हिशेबाला खोराना स्कोअर म्हणतात. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर आलोक खोराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये मांडला. केमो घेणाऱ्या २,७०१ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी तो बसवला आणि आणखी १,३६५ जणांवर पडताळून पाहिला. केमो सुरू होण्याआधीच्या पाच गोष्टी बघायच्या. कॅन्सर कुठला, हे पहिलं: जठर किंवा स्वादुपिंड असेल तर थेट २ गुण, फुफ्फुस, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), मूत्राशय, वृषण किंवा बायकांचे गर्भाशय-अंडाशयाचे कॅन्सर असतील तर १. मग प्लेटलेट साडेतीन लाख किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन १० च्या खाली, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ किंवा जास्त, यांचा प्रत्येकी १. हिमोग्लोबिन वाढवायची ठरावीक इंजेक्शनं चालू असतील तर त्याचाही गुण हिमोग्लोबिनच्याच खात्यात धरतात.

आईचं हिमोग्लोबिन ९.६. पांढऱ्या पेशी ९,८००, म्हणजे ठीक. वजन ५८ किलो, तोही गुण नाही. पण प्लेटलेट ४ लाख २० हजार. डेंग्यूमुळे आपल्याकडे प्लेटलेट कमी झाल्या की घाबरायचं एवढंच माहीत. जास्त असल्या तर चांगलंच, असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये त्या बऱ्याचदा वाढतात, आणि हे वाढणं चांगलं नसतं. गाठीतून असे घटक रक्तात सुटतात की रक्त गोठायला उतावीळ होतं. त्यात पोटातली गाठ शिरांवर दाब देते, माणूस अंथरुणाला खिळतो आणि केमो शिरांच्या अस्तराला दुखावते.

१ अधिक १ अधिक १. फाइलच्या कोपऱ्यात त्यांनी लाल पेनानं ३ लिहिला आणि भोवती गोल केला. ० म्हणजे कमी धोका, १-२ मधला, ३ आणि पुढे जास्त.

मला वाटलं, आता लगेच गोळी लिहून देतील. तसं झालं नाही, आणि आता वाटतं ते बरोबरच होतं. आधी दोन्ही पायांची डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितली. आईचे पाय तर अगदी सडपातळ होते, सूज नव्हती, म्हणून मी विचारलं कशाला. त्यावर त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: जास्त धोक्याच्या १,०८० रुग्णांची एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच तपासणी केली, तर ४९ जणांना गुठळी आधीच झालेली निघाली. गुठळी आधीच असेल तर ती होऊ नये म्हणून द्यायचा लहान डोस पुरत नाही, उपचारच वेगळा. आईची डॉपलर स्वच्छ आली. मग किडनी ठीक आहे का ते कळायला क्रिएटिनिन बघितलं, कधी काळी शौचातून रक्त गेलं होतं का, अल्सर होता का, सगळं खोदून विचारलं.

शेवटी निर्णय आईवर सोडला. “मावशी, रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, अपिक्साबान, अडीच मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. २०१९ मध्ये एक अभ्यास आला. स्कोअर २ किंवा जास्त असलेल्यांत, गोळी न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण दहांना सहा महिन्यांत गुठळी झाली, घेणाऱ्यांत चारांना. पण मोठा रक्तस्राव न घेणाऱ्यांत १.८ टक्के होता, घेणाऱ्यांत ३.५ टक्के.” आईनं विचारलं, “तुमच्या आईला दिली असती का?” मॅडमनी मान हलवली. आई म्हणाली, “मग लिहा.”

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आईच्या डब्यातली गुडघेदुखीची पाकिटं काढून टाकायचं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, गेली सहा-सात वर्षं चालू. या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आम्हाला कुणी विचारलं नसतं तर आम्ही सांगितलंही नसतं. गुडघ्याची गोळी हे औषध आहे असं आमच्या घरात कुणी धरतच नाही. पॅरासिटामॉलवर आई नाराज होती, पण निभावलं. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या तर गोळी थांबवून फोन करायचा, हेही वहीत लिहून ठेवलं. प्रत्येक केमोच्या आधीचा सीबीसी हातात आला की माझी नजर आधी त्याच ओळीवर जायची.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्यांना गुठळी होते त्यातले बहुतेक जण ३ च्या खालचे असतात. धोका तिथं कमी, पण माणसं तिथंच जास्त. आकडा कमी आला म्हणून पायाकडे बघायचं सोडायचं नाही, आणि गोळी चालू आहे म्हणूनही नाही. म्हणून शिवणाच्या डब्यातली टेप आईच्या उशाशी आली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली पेनानं खूण करायची आणि दर रविवारी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. दोन्हींत ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टर तो गंभीर धरतात.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी उजवी पोटरी ताठ झाली, दुखायला लागली. डावी ३१, उजवी ३३.५. तीन नव्हे, अडीच. पण आदल्या रविवारी दोन्ही सारख्या होत्या. भाऊ म्हणाला उद्या सकाळी बघू. मी त्याच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. शेजाऱ्यांची गाडी काढून रात्री साडेदहाला मिरज गाठलं. गुठळीचा संशय आला की करतात ती डी-डायमरची रक्ततपासणी का करत नाही, असं तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, कॅन्सरमध्ये डी-डायमर गुठळी नसतानाही वाढलेला असतो, त्यावरून काही ठरवता येणार नाही, सरळ डॉपलर करू. गुठळी नव्हती. गुडघ्याच्या मागे साठलेल्या पाण्याची पिशवी फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं, जुन्या संधिवाताचा प्रताप. भाऊ बाहेर बाकावर बसून बराच वेळ काही बोलला नाही.

ऑपरेशनच्या आधी गोळी बंद केली आणि नंतर २८ दिवस रोज एक, गुठळी होऊ नये म्हणून इनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. पोटाच्या मोठ्या कॅन्सर ऑपरेशननंतर हे महिनाभर द्यावं लागतं. ते घरी द्यायचं होतं आणि देणारी मीच. पहिल्या दिवशी सिस्टरनी हात धरून शिकवलं: टाके आणि बेंबीपासून लांब, कमरेच्या बाजूला कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. तिसऱ्या दिवशी माझा हात थरथरला आणि मोठा काळानिळा डाग पडला. आई म्हणाली, “अगं, तू श्वास घे की आधी.” त्यानंतर रोज मी सुई हातात घेतली की ती तेच म्हणायची. अठ्ठाविसावी रिकामी सिरिंज सुयांच्या डब्यात टाकली तेव्हा दोघींनी चहा केला.

मग पुन्हा गोळी, पुन्हा तीन केमो. शेवटच्या केमोनंतर मॅडमनी गोळी थांबवली. आईला गुठळी झाली नाही. गोळीमुळे झाली नाही की होणारच नव्हती, हे एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही.

संक्रांतीला काकूकडे गेले होते. तिनं तिळगूळ दिला आणि माळ्यावरून काकांची फाइल काढून माझ्या पुढ्यात ठेवली. “तुझ्या आईचा आकडा काढला म्हणे. ह्यांचा काढ.” मला नको होतं. पण ती समोरून उठेना. जठर, म्हणजे २. पहिल्या केमोच्या आधीचं हिमोग्लोबिन ८.९. ३ झाले.

काकू बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग विचारलं, “म्हणजे मी पाय शेकला त्यानं झालं नव्हे?”

हे ती साडेचार वर्षं मनात धरून होती. नव्हे काकू, म्हटलं, पाय सुजला तेव्हा गुठळी आधीच झालेली होती, सूज तिच्यामुळेच होती. तिनं फाइल मिटली, पण परत माळ्यावर ठेवली नाही. देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली.