केसमेट्सच्या भिंतीखाली

बर्म्युडा या अटलांटिकमधल्या ब्रिटिश बेटांवरचे पहिले तीन दिवस समुद्र, गुलाबी वाळू आणि खिशाला बसलेली कात्री यांत गेले. लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल.

राजधानी हॅमिल्टनहून फेरीबोटीनं डॉकयार्डला, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या जुन्या गोदीत गेलो. तिथे जोडमनोरे आहेत. एकावरचं घड्याळ वेळ दाखवतं, दुसऱ्यावरचं भरतीची वेळ. क्रूझवरून उतरलेली गर्दी त्यांचेच फोटो काढत होती. वरच्या बाजूला केसमेट्सचा जुना तुरुंग आहे, तिकडे कुणी मान वळवून पाहत नव्हतं. २ डिसेंबर १९७७ ला अर्स्किन बरोज आणि लॅरी टॅकलिन यांना तिथं फासावर दिलं. ब्रिटिश अमलाखालच्या भूमीवर त्यानंतर कुणाला फाशी झाली नाही.

बरोजवर बर्म्युडाचे गव्हर्नर शार्पल्स यांच्या १९७३ मधल्या खुनाचा गुन्हा शाबीत झाला होता. टॅकलिन त्या खटल्यातून सुटला, पण एका दुकानातल्या दोघांच्या खुनात दोषी ठरला.

बसथांब्यावर साठीच्या आसपासच्या एक बाई भेटल्या. इथे आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्याशिवाय बोलणं सुरू करत नाहीत. ही रीत मला फार आवडली. मी तुरुंगाबद्दल विचारलं, तशा त्या जरा गप्प झाल्या.

“मी तेव्हा लहान होते. फाशी रद्द करा म्हणून अर्ज फिरत होता, आईनं सही केली होती. राणी ऐकेल असं तिला वाटायचं. मग दंगल पेटली, संचारबंदी लागली. आई दिवे मालवून आम्हाला जवळ घेऊन बसायची.”

त्या दंगलीत एका हॉटेलला आग लागून तिघं गेली. ब्रिटिश सैनिक विमानानं आणावे लागले.

मला राग येतो तो इथेच. ब्रिटननं आपल्याकडे खुनासाठीची फाशी १९६९ मध्येच कायमची बंद केली होती. पण बर्म्युडाला १९६८ पासून स्वतःची राज्यघटना, अंतर्गत कारभार त्यांचा. म्हणून ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांनी राणीला हस्तक्षेपाचा सल्ला दिला नाही. सैन्य पाठवताना स्वराज्य आड आलं नाही, दोन जीव वाचवताना आलं! पुढे १९९१ मध्ये लंडननं एका आदेशानं कॅरिबियनमधल्या आपल्या पाच प्रदेशांतली खुनासाठीची फाशी रद्द केली. बर्म्युडाला तेव्हाही हात लावला नाही. आदल्याच वर्षी इथल्या सार्वमतात लोकांनी फाशीच्या बाजूनं कौल दिला होता. तो कौल मला पटत नाही, पण तो त्यांचा होता. शेवटी १९९९ मध्ये इथल्याच संसदेनं ती काढून टाकली.

गुलाबी बस आली. चढता चढता बाई म्हणाल्या, “आई वारेपर्यंत सॉमरसेटच्या पुढे, इकडे डॉकयार्डकडे, कधी आली नाही.”